रोल्लातली मंदी आणि छोटा दुकानदार : रिकामा वेळ कारणी कसा लावावा?



जुलै महिना उजाडला की आपल्या रोल्लाचा नूर पालटतो. शाळांना सुट्टी लागलेली असते, बायकामुलं भारतात गेलेली असतात, आणि दुपारी रस्त्यावर उन्हाशिवाय कुणी दिसत नाही. बँक स्ट्रीटपासून अल घुवैरच्या गल्ल्यांपर्यंत दुकानदार काउंटरवर बसून मोबाइल चाळत असतात. दाराची घंटा वाजते ती चहावाला पोऱ्या आला म्हणून! आपल्याकडे म्हण आहेच, 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.'

आमचंही तेच झालं होतं. आम्ही म्हणजे दोघे मावसभाऊ. दोघेही इंजिनिअर. एकाची दुबईत आयटीतली नोकरी, दुसरा रोल्लातलं छोटं दुकान बघतो आणि हिशेब वहिनींकडे. कॉम्प्युटर व प्रिंटर दुरुस्ती, टोनर, आणि छोट्या ऑफिसांची वार्षिक देखभाल असा आमचा व्यवसाय. इतक्या वर्षांत मंदीच्या दिवसांबद्दल जे ठेचा खाऊन शिकलो, ते एकत्र लिहून ठेवावं म्हणून हा लेख. टेलरिंग, सलून, डबा, किराणा, टायपिंग सेंटर, लाँड्री असं काहीही चालवणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू पडेल.

आमचा पहिला उन्हाळा

दुकान सुरू केलं २०१७ च्या शेवटी. २०१८ चा जुलै-ऑगस्ट हा आमचा पहिला मंदीचा हंगाम. काम निम्म्यावर आलं, पण "गिऱ्हाईक आलं आणि दुकान बंद दिसलं तर?" या भीतीने आम्ही सकाळी नऊ ते रात्री दहा बसून राहिलो. गावी आईने दोनदा फोनवर विचारलं, "येतोस का रे चार दिवस?" आम्ही म्हटलं, गणपतीला येतो.

आणि सप्टेंबर आला. शाळा उघडल्या, ऑफिसांतली माणसं परतली, सगळ्यांना सगळं एकाच आठवड्यात हवं होतं. आमच्याकडे चालणारे टोनर संपलेले, न चालणाऱ्यांनी कपाट भरलेलं. लायसन्सच्या नूतनीकरणाची तारीख डोक्यावर, भाडेकराराचे कागद सापडत नव्हते. तंत्रज्ञ मुलाची रजा साठली होती, त्याच्या बहिणीचं लग्न सप्टेंबरात, तो गेला. जागेच्या भाड्याचा चेक वठायच्या आदल्या दिवशी आम्ही मित्राकडून उसने पैसे घेऊन खात्यात भरले. गणपतीला जाणं अर्थातच झालं नाही.

म्हणजे ज्या दोन महिन्यांत वेळ होता त्यात आम्ही काही केलं नाही आणि ज्या महिन्यात वेळ नव्हता त्यात सगळंच करावं लागलं. तहान लागल्यावर विहीर खणणे याचं याहून चांगलं उदाहरण आमच्याकडे नाही.

मंदी नवी नाही

गंमत अशी, की इथे एके काळी उन्हाळा हाच कमाईचा हंगाम होता. मोत्यांचा व्यापार भरात असताना आखातातल्या नावा साधारण जून ते सप्टेंबर समुद्रात असत आणि थंडीत किनाऱ्याला लागत. तेव्हा नावांची डागडुजी व्हायची, दोर-शिडं नीट केली जायची. १९३० च्या दशकात जागतिक मंदी आणि जपानी कृत्रिम मोती यांनी तो धंदा बसवला.

आपल्या कोकणातही पाहा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. कोळी बांधव त्या दिवसांत जाळी विणतात, होडीला रंग देतात, इंजिन उघडून बघतात आणि मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून बाहेर पडतात. जाळी फाटकीच ठेवून कुणी नारळी पौर्णिमेची वाट बघत बसत नाही. घरातही उन्हाळ्यात पापड-कुरडया घालून पावसाळ्याची बेगमी व्हायचीच.

दुबईने तर १९९८ मध्ये 'दुबई समर सरप्रायझेस' सुरू केलं, ते या उन्हाळ्याच्या ओसाडीवर उपाय म्हणूनच. शारजातही चेंबर ऑफ कॉमर्सतर्फे 'शारजा समर प्रमोशन्स' होतं. सांगायचा मुद्दा, मंदी ठरलेल्या वेळी येते. ठरलेल्या वेळी येणाऱ्या पाहुण्याची तयारी करता येते.

आधी आपली मंदी ओळखा

रोल्लात मंदी पाच प्रकारची दिसते.

१. रोजची दुपार. साधारण एक ते चार. उन्हाळ्यात तर जास्तच. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम करायला कायद्याने मनाई असते, यावरून उन्हाची कल्पना यावी.

२. महिन्याचा शेवटचा भाग. पगार झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस गर्दी, वीस तारखेनंतर शुकशुकाट. रोल्लातलं बहुतेक गिऱ्हाईक पगारदार आहे, त्यामुळे हे चक्र फार स्पष्ट दिसतं.

३. आठवड्यातले दिवस. जानेवारी २०२२ पासून शारजा सरकारची सुट्टी शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस झाली. खासगी कंपन्यांच्या सुट्ट्या मात्र वेगवेगळ्या. त्यामुळे ऑफिसांवर चालणारा धंदा शुक्रवारी थंड, आणि कामगारवर्गावर चालणारा धंदा सुट्टीच्या संध्याकाळी जोरात. आपलं गिऱ्हाईक कोणतं, त्यावर आपली मंदी ठरते.

४. रमजान. दिवसा शांत, रात्री तरावीहनंतर गजबज. खासगी क्षेत्रातही या महिन्यात कामाचे तास रोज दोनने कमी होतात. रमजान दरवर्षी साधारण दहा-अकरा दिवस आधी येतो, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखांवर विसंबू नये.

५. जुलै-ऑगस्ट. सगळ्यात मोठी मंदी.

याशिवाय मराठी गिऱ्हाईक जास्त असेल, तर पितृपक्षातही नवी खरेदी थांबते आणि नवरात्र लागताच एकदम सुरू होते.

हे झालं सर्वसाधारण. आपल्या दुकानाचं खरं चित्र आपल्याच बिलांत असतं. आम्ही मागच्या तीन वर्षांची बिलं एक्सेलमध्ये टाकली. फक्त तीन रकाने : तारीख, वेळ, रक्कम. त्यातून कळलं, की आमची सर्वात मोकळी वेळ दुपार नव्हतीच, ती होती सकाळी नऊ ते साडेदहा. आम्ही वर्षभर नऊला शटर उघडून उगाचच बसत होतो! आता ती वेळ हिशेब आणि दुरुस्तीच्या कामाला राखून ठेवली आहे.

पैशाची बेगमी : साधं गणित

मोकळ्या वेळेचा उपयोग करायचा तर डोक्यावर चेकची टांगती तलवार नको. म्हणून आधी गणित.

समजा, एका छोट्या दुकानाचा महिन्याचा ठरलेला खर्च असा आहे :

- जागेचं भाडं (वर्षाचे ४८,००० भागिले १२) : ४,००० दिरहम
- दोन माणसांचे पगार : ५,०००
- वीज-पाणी (आपली 'सेवा'!) : ८००
- फोन, इंटरनेट : ७००
- लायसन्स, व्हिसा वगैरे वार्षिक खर्चाचा मासिक वाटा : १,०००
- एकूण : ११,५००

मालाची किंमत वजा जाता नेहमीच्या महिन्यात हातात १६,००० येतात असं धरू. जुलै-ऑगस्टमध्ये ते निम्मे, म्हणजे ८,०००. दरमहा ३,५०० ची तूट, दोन महिन्यांची ७,०००. उरलेल्या दहा महिन्यांत दरमहा फक्त ७०० दिरहम वेगळे काढले, की ही तूट भरून निघते. आकडे प्रत्येकाचे वेगळे, रीत हीच. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. एकाच खात्यात ठेवली, तर ती आहे असं वाटतं पण वेळेला नसते. हे अनुभवाचे बोल.

भाड्याच्या चेकबद्दल एक गोष्ट. २ जानेवारी २०२२ पासून नियम बदलले. केवळ खात्यात पैसे कमी म्हणून चेक परत गेला, तर तो बहुतांशी फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. पण म्हणून निर्धास्त होऊ नका. असा चेक घेऊन समोरचा माणूस थेट वसुलीसाठी न्यायालयाच्या अंमलबजावणी विभागाकडे जाऊ शकतो. नवा भाडेकरार करताना घरमालकाशी बोलून चेकच्या तारखा जुलै-ऑगस्टमध्ये येणार नाहीत अशा मागून बघाव्यात. मे महिन्यात शांतपणे बोललेलं घरमालकही ऐकून घेतो. ऑगस्टमध्ये घाबऱ्याघुबऱ्या केलेल्या फोनला काय उत्तर मिळतं ते आम्ही ऐकलं आहे.

कागदपत्रं आणि कर

मंदीतलं पहिलं काम हेच. एक दिवस काढा, सगळे कागद जमिनीवर पसरा आणि एका वहीत (किंवा एक्सेलमध्ये) मुदती लिहा : ट्रेड लायसन्स, भाडेकरार आणि त्याची महापालिकेची नोंदणी, प्रत्येकाचा व्हिसा, एमिरेट्स आयडी, पासपोर्ट, आरोग्य विमा, अग्निशामक सिलिंडर. प्रत्येक मुदतीच्या दोन महिने आधी फोनमध्ये आठवण लावा. लायसन्सच्या नूतनीकरणाला नोंदवलेला भाडेकरार लागतो, म्हणून तो आधी.

करांचे मुद्दे थोडक्यात :

- व्हॅट. १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के. वर्षाची करपात्र उलाढाल ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची, १,८७,५०० च्या वर असेल तर ऐच्छिक. विवरणपत्र कर-कालावधी संपल्यापासून २८ दिवसांत भरायचं. ज्यांची तिमाही एप्रिल ते जून आहे, त्यांची शेवटची तारीख २८ जुलै. ऐन सुट्टीत! विमानात बसण्याआधी भरून टाका.

- कॉर्पोरेट टॅक्स. १ जून २०२३ किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून लागू. ३,७५,००० दिरहमपर्यंतच्या करपात्र नफ्यावर शून्य, त्यावर ९ टक्के. उलाढाल ३० लाख दिरहमपर्यंत असेल, तर छोट्या व्यवसायांसाठीची सवलत घेता येते. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ किंवा त्याआधी संपणाऱ्या कर-कालावधींपुरती आहे. सवलत असली तरी नोंदणी करावी लागते आणि विवरणपत्रही भरावं लागतं. "आपल्याला कर नाही, मग नोंदणी कशाला" असं म्हणून बसलेल्यांना उशिराच्या नोंदणीचा १०,००० दिरहम दंड ठरलेला होता.

- कंपनीच्या विवरणपत्राची मुदत आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिने. वर्ष डिसेंबरअखेर संपत असेल तर ३० सप्टेंबर. म्हणजे जुलै-ऑगस्ट हीच हिशेब जुळवायची उत्तम वेळ.

- हिशेबाचे कागद जपणे. व्हॅटसाठी साधारण ५ वर्षं, कॉर्पोरेट टॅक्ससाठी ७ वर्षं. थर्मल पेपरवरची बिलं वर्षभरात पुसट होतात, त्यामुळे त्यांचे फोटो काढून ठेवणं हे मोकळ्या दुपारचं आदर्श काम.

नियम बदलत असतात. म्हणून भरण्याआधी फेडरल टॅक्स अथॉरिटीच्या संकेतस्थळावर किंवा आपल्या हिशेबनिसाकडे एकदा खात्री करून घ्यावी.

माल : तीन ढीग करा

दुकान मोकळं असताना सगळा माल खाली काढा आणि तीन ढीग करा.

पहिला ढीग : दर महिन्याला खपणारा. याची यादी करून प्रत्येकापुढे "इतके उरले की मागवायचे" असा आकडा लिहा. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात हा माल भरून ठेवा.

दुसरा ढीग : वर्षातून दोन-चारदा खपणारा. हा एकेकच ठेवा. होलसेलवाला दुबईत देरा किंवा बर दुबईला असेल तर दुसऱ्या दिवशी माल येतोच. आपल्या कपाटात त्याचं गोदाम कशाला?

तिसरा ढीग : वर्षभरात न हललेला. याला जड मनाने निरोप द्या. होलसेलवाल्याला परत, दुसऱ्या दुकानदाराशी अदलाबदल किंवा कमी किमतीत विक्री. आमच्या तिसऱ्या ढिगात बंद पडलेल्या मॉडेलांचे टोनर निघाले. त्यात अडकलेली रक्कम त्या पहिल्या उन्हाळ्यात उसन्या घेतलेल्या रकमेपेक्षा जास्त होती. पैसे होते, पण कपाटात होते!

'सेल'चा बोर्ड लावण्याआधी मात्र शारजाच्या आर्थिक विकास विभागाची परवानगी घ्यावी लागते, हे विसरू नका. पत्रकं वाटण्याआधी किंवा कुठे चिकटवण्याआधीही नियम विचारून घ्या. शंभर पत्रकांपायी दंड भरलेले लोक आम्हाला माहीत आहेत.

दुकान आणि यंत्रं

एसी सर्व्हिसिंग मेमध्येच करावं, जुलैत मेकॅनिक मिळत नाही. बाकीची कामं मंदीत : शिलाई मशिनचं ऑइलिंग, गिरणीची जाळी-पट्टे, लाँड्रीच्या बॉयलरची तपासणी, डब्यावाल्यांच्या किचनमधला एक्झॉस्ट, वायरिंग, दिवे, बोर्डवरची धूळ.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही एक क्षुल्लक काम केलं. खालच्या फळ्या जमिनीपासून फूटभर वर घेतल्या आणि सगळे प्लग पॉइंट टेबलाच्या उंचीवर आणले. कारण काय, तर झाडू मारायला सोपं जावं! १६ एप्रिल २०२४ ला तो ऐतिहासिक पाऊस झाला. शारजाच्या कित्येक भागांत अनेक दिवस पाणी साचून राहिलं होतं. आमच्या दुकानात घोट्याएवढं पाणी शिरलं. एका खुर्चीच्या गादीखेरीज काहीही भिजलं नाही. आदल्या वर्षी ते काम केलं नसतं, तर गिऱ्हाइकांची दुरुस्तीला आलेली यंत्रं पाण्यात असती, आणि ती भरून देणं आमच्या ऐपतीबाहेरचं होतं.

आता आमच्या धंद्यातलं एक. बॅकअप. नियम सोपा आहे, ३-२-१. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुकानाच्या बाहेर. बिलं, गिऱ्हाइकांची यादी, टेलरची मापं, डब्याच्या नोंदी, सगळ्याला हे लागू. आणि वर्षातून एकदा तो बॅकअप उघडून बघा. आमच्याकडे डेटा परत मिळवायला येणाऱ्या अनेकांकडे बॅकअप असतो, फक्त तो उघडत नाही.

गिऱ्हाईक : आठवण ठेवणं आणि आठवण देणं

टेलरकडे मापांची वही असते, सलूनकडे वेळा असतात, किराण्याकडे उधारीची वही असते. हीच तुमची गिऱ्हाइकांची यादी. मंदीत ती नीट लिहून काढा : नाव, फोन, मागचं काम केव्हा केलं, पुढचं केव्हा लागेल.

आम्ही २०१९ च्या उन्हाळ्यात जुन्या जॉबकार्डांवरून अशी यादी केली. कंटाळवाणं काम होतं, पंधरा दुपारी गेल्या. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं, ती मंदी कुठल्याच पंचांगात नव्हती. लोकांची कामं आणि मुलांच्या शाळा घरी आल्या. जुने लॅपटॉप कपाटातून बाहेर निघाले. कुणाकडे कोणता लॅपटॉप आहे हे आमच्या यादीत होतं. आम्ही एकेकाला फोन करून "काही अडलंय का?" एवढंच विचारलं. कितीतरी कामं फोनवरच मार्गी लागली, काहींचे पैसेही घेतले नाहीत. पण त्या वर्षी आसपासची काही शटरं कायमची खाली आली आणि आमचं राहिलं, त्याचं श्रेय त्या पंधरा दुपारींना आहे.

एक सावधगिरी. ओळखीच्या गिऱ्हाइकाची चौकशी वेगळी आणि अनोळखी नंबरांवर जाहिरातीचा भडिमार वेगळा. टेलिमार्केटिंगचे नियम २०२४ पासून बरेच कडक झाले आहेत. ज्याने नंबर आपणहून दिला त्यालाच, आणि तोही बेतानेच, संदेश पाठवा.

गूगल मॅपवर आपलं दुकान तपासून घ्या. नंबर बरोबर आहे का, उन्हाळ्यातल्या वेळा लिहिल्या आहेत का, फोटो जुन्या बोर्डचा तर नाही ना? रोल्लातल्या गल्ल्यांत नवखा माणूस फोन बघतच येतो. अर्ध्या तासाचं काम आहे.

माणसं आणि रजा

कामगार कायद्यानुसार (२ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेला) वर्ष पूर्ण केलेल्या कामगाराला ३० दिवसांची पगारी रजा मिळते. रजेच्या तारखा कामाच्या गरजेनुसार ठरवता येतात, मात्र कामगाराला किमान महिनाभर आधी सांगाव्या लागतात. म्हणून मार्चमध्येच बसून ठरवा. एकाची रजा जुलैत, दुसऱ्याची ऑगस्टमध्ये. कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाच्या मुलाची परीक्षा आहे, हेही विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये तिकिटं महाग असतात हे खरं, पण लवकर काढली तर फरक पडतो. शक्य असेल तर तिकिटातला थोडा भार आपण उचलावा. सप्टेंबरात माणूस दुकानात असणं हे त्या पैशापेक्षा मोलाचं.

मंदी आहे म्हणून पगार लांबवू नका. पगार वेज प्रोटेक्शन सिस्टीममधून वेळेवर जायलाच हवा. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी त्या मुलाच्या गावाकडेही कुणीतरी पैशाची वाट बघत असतं.

थांबलेल्या माणसाला काही शिकवा. आमच्या हेल्परला आम्ही एका उन्हाळ्यात बिल बनवायला आणि प्रिंटर उघडायला शिकवलं. पुढच्या वर्षापासून आम्ही दोघेही एकाच वेळी दुकानाबाहेर राहू शकलो. मालकानेही शिकावं. थोडं अरबी, एक्सेल, व्हॅटचा हिशेब, किंवा आपल्या धंद्यातलं नवं यंत्र.

आमची दारामागची यादी

मंदीत काय करायचं हे मंदीत सुचत नाही. म्हणून आम्ही वर्षभर कामं सुचतील तशी दारामागच्या कागदावर लिहितो, चार रकान्यांत :

- पाच मिनिटांची : एका बिलाचा फोटो, एक जुना नंबर तपासणे, काउंटर पुसणे.
- तासाभराची : एका कपाटाची मोजणी, महिन्याचा हिशेब, तीन जुन्या गिऱ्हाइकांना फोन.
- दिवसाची : कागदपत्रांच्या मुदती, सगळ्या मालाचे तीन ढीग, बॅकअप उघडून बघणे.
- महिन्याची : रंगकाम, नवं काम शिकणे, दरपत्रक नव्याने करणे, गावी जाऊन येणे.

गिऱ्हाईक नसेल तेव्हा मिळालेल्या वेळेएवढं काम उचलायचं. गिऱ्हाईक आलं की खाली ठेवायचं. आम्ही एक नियमही केला आहे : अर्धवट राहिलं तरी चालेल असंच काम काउंटरवर करायचं, पैसे मोजण्याचं काम शटर अर्धं खाली करून.

काय करू नये

- घाबरून दर पाडू नका. जुलैत पाडलेला दर ऑक्टोबरात वर जात नाही. त्यापेक्षा त्याच दरात काही जास्त द्या.
- "रिकामे आहोत तर अजून एक धंदा करू" असं ऑगस्टमध्ये ठरवू नका. लायसन्सवर नसलेलं काम तर मुळीच नको.
- मंदी भागवायला क्रेडिट कार्ड वापरू नका.
- रोज बारा तास बसून राहू नका. आम्ही आता जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी एक ते साडेचार बंद ठेवतो आणि तसं बोर्डवर लिहितो. आमच्या बिलांत त्याने काही फरक पडलेला नाही.

शेवटचा रकाना

महिन्याच्या रकान्यात 'गावी जाऊन येणे' आहे, ते चुकून नाही. पहिल्या वर्षी आम्ही रिकामं दुकान राखत बसलो आणि घरी गेलो नाही. पुढच्या वर्षापासून आम्ही पाळ्या लावल्या : एकाने जुलैत जायचं, दुसऱ्याने ऑगस्टमध्ये, दहा-दहा दिवस. गणपतीला अजूनही जमत नाही, तेव्हा आमचा हंगाम असतो. पण आईने ते मनाला लावून घेतलेलं नाही. आखाडात मुलगा येतो हे तिने आता धरून ठेवलं आहे, आणि त्या बेताने ती फणसाची भाजी राखून ठेवते.

जे गावी जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी इथला उन्हाळा एकट्याचा असतो. कुटुंब भारतात, धंदा थंड, घर रिकामं. अशा वेळी माणूस नको ते विचार करत बसतो. शेजारच्या दुकानदाराला हाक मारा, रात्री एकत्र जेवा, मंडळाच्या कामात हात लावा. गणेशोत्सवाची तयारी याच दिवसांत सुरू होते आणि तिथे रिकाम्या हातांना नेहमीच काम असतं.

रोल्ला म्हणजे इथल्या बोलीत वड. आज जिथे चौक आणि बाग आहे तिथे पूर्वी मोठा वड होता. ईदला लोक त्याच्या फांद्यांना झोके बांधत, सावलीत बसत. तो वड गेला, नाव राहिलं. उन्हाच्या वेळी सावलीत बसण्यात काही कमीपणा नाही, मंडळी. फक्त बसल्या बसल्या जाळं विणत राहावं, एवढंच.

यंदाचा जुलै येण्याआधी दारामागे एक कोरा कागद लावा आणि पहिलं काम आजच लिहा. सर्वांना हंगामाच्या शुभेच्छा!